सानिया मिर्झा: एकेरीतून दुहेरीकडे वळण्याचा निर्णय, खेळाच्या अंगाने

मधली_रेघ

सानियावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, पण त्यात खेळ फार थोडा असतो. आणि एक वाक्य हमखास येतं: "एकेरीत जमेना, म्हणून दुहेरीत गेली." मला ते पटत नाही. उपलब्ध शरीर, उपलब्ध फटके आणि कोर्टाचं मोजमाप यांचा हिशोब करून घेतलेला तो निर्णय होता, आणि भारतीय टेनिसमधल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक होता. म्हणून हा धागा. भर घाला, खोडून काढा, पण फटक्यांबद्दल बोलूया. लग्न, कपडे, वाद हे इथे नको.

आधी एकेरीचा ताळेबंद. जन्म मुंबईचा (१५ नोव्हेंबर १९८६), वाढली हैदराबादला, शिकवलं मुख्यतः वडिलांनी. २००३ मध्ये विम्बल्डनचं मुलींचं दुहेरीचं विजेतेपद, जोडीला अलिसा क्लेबानोवा. २००५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेला खास प्रवेश) तिसऱ्या फेरीपर्यंत, तिथे सेरेनाकडून १-६, ४-६. पुढच्याच महिन्यात हैदराबादला डब्ल्यूटीए (महिला व्यावसायिक टेनिसची संघटना) एकेरीचं विजेतेपद, अल्योना बोंदारेंकोला हरवून; भारतीय बाईने मिळवलेलं ते पहिलंच. मग दुबईत कुझनेत्सोवाला ६-४, ६-२ असं हरवलं, तेव्हा कुझनेत्सोवा अमेरिकन ओपनची गतविजेती होती. त्याच वर्षी अमेरिकन ओपनची चौथी फेरी, शारापोवाकडून पराभव. ऑगस्ट २००७ मध्ये क्रमवारीत २७.

त्याआधीची पायरीही लक्षात ठेवा. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी खुल्या काळातली (व्यावसायिकांना ग्रँड स्लॅम खुली झाल्यापासूनची) पहिली भारतीय महिला निरुपमा वैद्यनाथन, आणि ते साल १९९८. तिथून नऊ वर्षांत २७ वा क्रमांक. याला "जमलं नाही" म्हणायचं?

मग गाडी अडली कुठे? तीन ठिकाणी: सर्व्हिस, पायांची हालचाल आणि उजवं मनगट. दुहेरीत यातल्या पहिलीचं वजन निम्म्यावर येतं, दुसरीचं एक तृतीयांशाने घटतं, आणि तिसरीला विश्रांती मिळते.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. एकेरीत दर दोन गेममागे एक सर्व्हिस गेम तुमचा, दुहेरीत चारामागे एक. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद आणि ते एकटीने सांभाळायचं. दुहेरीचं ३६ फूट, पण दोघींत, म्हणजे प्रत्येकीला १८ फूट. जाळ्यापर्यंतची लांबी दोन्हीकडे ३९ फूटच. म्हणजे बाजूला पळण्याचं काम एक तृतीयांशाने घटतं. आणि फोरहँड तोच राहतो, रिटर्न (समोरचीची सर्व्हिस परतवणारा फटका) तोच राहतो.

तिरका_रिटर्न

उत्तम धागा. रिटर्नबद्दल थोडं खोलात लिहितो, कारण सानियाच्या दुहेरीचा पाया तोच होता.

एकेरीत रिटर्न खोल पडला की काम झालं. मधोमध पडला तरी चालतो, कारण समोरची बेसलाइनवर उभी असते. दुहेरीत समोरच्या दोघींपैकी एक जाळ्याशी टपून असते. त्यामुळे रिटर्नला तीन अटी: तिरका जायला हवा, जाळ्यावरून फार उंच जाता कामा नये, आणि जाळ्याजवळच्या बाईला एक पाऊल आडवं टाकायलाही वेळ मिळता कामा नये. जाळं मध्यभागी ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असतं, म्हणून तिरका रिटर्न मधल्या खोलगट भागावरून काढणं फायद्याचं.

सानिया चेंडू उसळी घेत असतानाच, वर चढत असतानाच मारायची. फिरकी कमी, सपाट फटका. एकेरीत याची किंमत मोजावी लागायची, कारण सपाट फटक्याला जाळ्यावरची मोकळीक थोडी, आणि लांब रॅलीत दहातले दोन चेंडू बाहेर जाणारच. दुहेरीत रॅली बहुतेकदा चार-पाच फटक्यांत संपते. तिथे पहिला फटका सर्वांत जड असणारी खेळाडू राजा.

शिवाय नो-ॲड. डब्ल्यूटीएच्या नेहमीच्या स्पर्धांत दुहेरीत ४०-४० झालं की एकच गुण, आणि रिटर्न कुठल्या बाजूने घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. असा फोरहँड तुमच्याकडे असेल तर प्रत्येक ४०-४० ला तुम्ही तो पुढे काढू शकता. ग्रँड स्लॅमच्या महिला दुहेरीत मात्र नेहमीचं ड्यूस-ॲडव्हांटेज (४०-४० नंतर सलग दोन गुण हवेत) आणि पूर्ण तिसरा सेट, म्हणून तिथे दम जास्त लागतो.

गुडघे_सांभाळा

मनगटाचं लिहितो.

तिने स्वतःच सांगितलंय की तिचे सांधे नेहमीपेक्षा जास्त लवचीक आहेत. फोरहँडला जो शेवटच्या क्षणी झटका बसायचा तो तिथून यायचा. हात पुढे, रॅकेटचं डोकं मागे राहिलेलं, आणि चेंडूशी भेट होताना मनगट सोडून द्यायचं. वेग फुकटात मिळतो. पण मनगट मागे वळलेलं असताना पूर्ण ताण करंगळीच्या बाजूच्या कूर्चेवर आणि स्नायूबंधांवर येतो. लवचीक सांध्याला अस्थिबंध ताठ धरून ठेवत नाहीत, ते काम स्नायूंना करावं लागतं, आणि स्नायू थकले की सांधा हलतो. दिवसाला शेकडो फोरहँड मारले तर हे होणारच.

२००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिला सामना अर्ध्यात सोडावा लागला, आणि त्याच वर्षी मनगटाची शस्त्रक्रिया झाली. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया वेगळ्या.

अशा दुखापतीतून परतताना कुठलीही खेळाडू काय बदलते, ते सांगतो. सरावात फोरहँडची संख्या मोजून ठेवतात, वेळ नाही मोजत. पूर्ण पॉलिएस्टर तारेऐवजी उभ्या-आडव्या तारा वेगवेगळ्या लावतात, एक पॉलिएस्टर आणि एक मऊ. ताण एक-दोन किलोने उतरवतात. पकडीवरची पट्टी जरा जाड करतात, म्हणजे मूठ कमी आवळावी लागते. आणि फटका मनगटातून कमी, खांदा आणि धड फिरवून जास्त. चुकतं कुठे? दुखणं थांबलं की खेळाडू लगेच जुन्या वेगाने मारायला लागते. कूर्चेला रक्तपुरवठा कमी असल्याने ती सावकाश भरते, वेदना आधी जाते आणि ताकद नंतर येते. मधले काही आठवडे सर्वांत धोक्याचे.

एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळणारीला ग्रँड स्लॅममध्ये रोज सामना पडू शकतो. फक्त दुहेरी खेळणारीला बहुतेक वेळा एक दिवस आड. २०१३ पासून एकेरी बंद केल्यावर तिला हीच सर्वांत मोठी गोष्ट मिळाली असं माझं मत.

एकेरीवाली

मला यातलं अर्धंच मान्य आहे.

दुहेरीचा निर्णय बरोबर होता, हे मान्य. पण तो आनंदाने निवडलेला रस्ता होता असं चित्र उभं करू नका. २००७ चा उन्हाळा बघा. स्टॅनफर्डला एकाच आठवड्यात एकेरीची अंतिम फेरी (चक्वेतात्झेकडून हार) आणि शहार पिएरबरोबर दुहेरीचं विजेतेपद. तेव्हा ती २० वर्षांची होती. हिंगिस, बार्तोली, सफिना, झ्वोनारेवा अशा नावांवर एकेरीतले विजय तिच्या खात्यात आहेत. मनगट टिकलं असतं तर पहिल्या पंधरात गेली असती, हे मी ठामपणे म्हणेन.

सर्व्हिसचंही तेच. ती सुधारता आली असती. तिचा टॉस (सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू) पुष्कळदा फार मागे राहायचा, त्यामुळे शरीराचं वजन पुढे पडायचं नाही आणि दुसरी सर्व्हिस मधोमध लोंबकळायची. पहिल्या दहातल्या मुली अशा सर्व्हिसवर दोन पावलं आत येऊन मारायच्या. हे तंत्राचं काम आहे, नशिबाचं नव्हे, आणि ते पंधरा-सोळाव्या वर्षी व्हायला हवं होतं. आपल्याकडे मुलींच्या सर्व्हिसकडे आजही त्या वयात लक्ष दिलं जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मधली_रेघ

एकेरीवाली, टॉसचा मुद्दा शंभर टक्के मान्य. "आनंदाने निवडलेला" असं मी म्हटलेलं नाही, "हिशोब करून घेतलेला" म्हटलंय. पहिल्या पंधरात गेली असती का, यावर आपलं एकमत होणार नाही. माझ्या मते तिची दुसरी सर्व्हिस आणि बाजूला जाणारं पाऊल हे दोन्ही सुधारल्याशिवाय वीसच्या आत टिकणं अवघड होतं.

ॲड_कोर्ट

मार्टिना हिंगिस (एकेरीतली माजी क्रमांक एक) आणि सानिया या जोडीची रचना कुणीतरी लिहायला हवी, ती मी लिहितो. महिला दुहेरी शिकणाऱ्या प्रत्येक जोडीने ती बघावी.

मार्च २०१५ मध्ये दोघी एकत्र आल्या. त्याआधी सानियाची जोडी कारा ब्लॅकबरोबर होती, २०१४ ची सिंगापूरची वर्षअखेरची स्पर्धा अंतिम सामन्यात ६-१, ६-० अशी जिंकलेली. मग शे सू-वेईबरोबर थोडे आठवडे, तिथे सूर जुळले नाहीत.

सानिया ड्यूस कोर्टला, म्हणजे उजवीकडे. हिंगिस ॲड कोर्टला, डावीकडे. यात दोन गोष्टी साधतात. एक, बाहेर जाणारी सर्व्हिस सानियाच्या फोरहँडला येते आणि हिंगिसच्या बॅकहँडला, दोघींचे हे सर्वांत भरवशाचे रिटर्न. दोन, दोघी उजव्या हाताच्या असल्याने मधून येणारा चेंडू डावीकडच्या हिंगिसच्या फोरहँड व्हॉलीवर (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) येतो. जाळ्यापाशी हिंगिसचं वाचन आणि हात सर्वांत सरस, म्हणून मधली जागा तिची. "तुझा की माझा" असा गोंधळ उरत नाही. दुहेरीत निम्मे फुकट गुण याच गोंधळात जातात.

गुण बांधायची पद्धत साधी. सानिया मागून फोरहँड तिरके मारत राहते. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला समोरचीचा चेंडू थोडा उंच येतो. हिंगिस तो येण्याआधीच मध्ये सरकलेली असते आणि व्हॉली दोघींच्या मधल्या फटीत किंवा जाळ्यावरच्या बाईच्या पायाशी ठेवते. यात सगळं अवलंबून असतं ते मागचीच्या फटक्याच्या वजनावर. ते हलकं पडलं तर पुढची कितीही हुशार असो, तिला मध्ये सरकता येत नाही.

आणि सानियाची सर्व्हिस? ती अंगावर. वेग कमी, पण रिटर्न करणारीच्या कंबरेवर. तिथून कोन काढता येत नाही, चेंडू मधोमध येतो आणि हिंगिस तयार. एकेरीत जी सर्व्हिस मार खायची तीच इथे साथीदारामुळे चालून गेली.

इंडियन वेल्स, मायामी आणि चार्ल्सटन लागोपाठ. पहिल्या दोन्ही अंतिम सामन्यांत समोर रशियाची माकारोवा-वेस्निना जोडी. विम्बल्डनच्या अंतिम फेरीतही त्याच, ५-७, ७-६, ७-५. तिसऱ्या सेटमध्ये २-५ अशी पिछाडी होती, ५-५ ला छप्पर बंद करण्यासाठी खेळ थांबला आणि परतल्यावर दोन गेम सलग घेतले. माकारोवा डावखुरी, म्हणून तिची ॲड कोर्टातली सर्व्हिस फिरत बाहेर, थेट हिंगिसच्या बॅकहँडकडे जाते. इतर जोड्यांना ती छळायची. इथे तीच सर्व्हिस हिंगिसच्या आवडीच्या फटक्याला मिळाली.

त्या वर्षीचं अमेरिकन ओपन आणि २०१६ चं ऑस्ट्रेलियन ओपनही त्यांचंच. सलग ४१ सामने जिंकले, दोहामध्ये वेस्निना-कसात्किना जोडीने ती मालिका तोडली. एकूण १४ विजेतेपदं.

क्रमवारीचं_गणित

क्रमांक एक कसा मिळाला, याचा हिशोब मांडतो.

दुहेरीच्या क्रमवारीत गुण जोडीला नसतात, प्रत्येकीला स्वतंत्र. त्या काळात मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम ११ स्पर्धा धरल्या जायच्या. इंडियन वेल्स १०००, मायामी १०००, चार्ल्सटन ४७०. चार-पाच आठवड्यांत २४७० गुण, आणि १३ एप्रिल २०१५ ला सानिया पहिल्या क्रमांकावर. एकूण ९१ आठवडे ती तिथे होती.

गुण वर्षभराने त्याच आठवड्यात गळतात, म्हणजे गतवर्षीची विजेती पुन्हा जिंकली तरी बेरीज जागेवरच राहते. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण जानेवारी २०१७ मधलं ब्रिस्बेन. सानियाने २०१६ ला तिथे हिंगिसबरोबर जिंकलं होतं. २०१७ ला बेथनी मॅटेक-सँड्सबरोबर पुन्हा जिंकलं. सानियाचे ४७० गेले, ४७० आले. बेथनीला मात्र गुण वाढवून मिळाले, आणि पहिला क्रमांक सानियाकडून तिच्याच साथीदाराकडे गेला. अंतिम सामना जिंकून क्रमांक गेला! नियम माहीत नसेल तर हे विचित्र वाटतं.

पावती_दाखवा

पैशाचं कुणी बोलत नाहीये. २०१५ च्या विम्बल्डनला महिला एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड. महिला दुहेरीच्या विजेत्या जोडीला ३ लाख ४० हजार, म्हणजे प्रत्येकी १ लाख ७० हजार. अकरा पटींचा फरक. एकेरीत पहिल्याच फेरीत हरणारीला २९ हजार पौंड होते.

म्हणून "दुहेरी हा सोपा पैसा" हे साफ चूक. प्रशिक्षक, फिजिओ, विमान, हॉटेल यांचा खर्च एकेरीवालीइतकाच. दुहेरीतून चांगली कमाई करायची तर पहिल्या दहा-पंधरात राहावं लागतं. त्याखालच्या मुलींसाठी एकेरीची ग्रँड स्लॅम पात्रता फेरी आजही अधिक फायद्याची आहे. घरच्या मुलीने विशीतच फक्त दुहेरी खेळायचं ठरवलं तर पालकांनी हे आकडे समोर ठेवावेत. सानिया त्या वळणावर आली तेव्हा तिच्याकडे महेश भूपतीबरोबरची मिश्र दुहेरीची दोन ग्रँड स्लॅम होती (ऑस्ट्रेलियन २००९, फ्रेंच २०१२) आणि २०११ च्या फ्रेंच ओपनच्या महिला दुहेरीची अंतिम फेरी होती. तिला कुणाकडेही जोडी मागता येत होती.

गुडघे_सांभाळा

बाळंतपणानंतरच्या पुनरागमनाबद्दल एक भर. ऑक्टोबर २०१७ नंतर ती गुडघ्यामुळे बाहेर, ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला, जानेवारी २०२० ला होबार्टला नादिया किचेनोकबरोबर पहिल्याच स्पर्धेत विजेतेपद. हे शक्य झालं त्यामागे राखीव क्रमवारीचा नियम आहे. दुखापत किंवा बाळंतपणामुळे बाहेर गेलेल्या खेळाडूला आधीची क्रमवारी प्रवेशापुरती ठरावीक स्पर्धांसाठी वापरता येते. ही क्रमवारी मानांकनाला चालत नाही. कुठल्या स्पर्धांवर ती खर्च करायची हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

होबार्टनंतर लगेच ऑस्ट्रेलियन ओपनला पोटरीने दगा दिला. दोन वर्षांनंतर लागोपाठ इतके सामने, पोटरी हा नेहमीचा पहिला बळी. सर्व्हिस करून पुढे धावताना आणि रिटर्नच्या आधीच्या छोट्या उडीत सगळा धक्का तीच घेते.

बार्शीकर

आमच्या सोलापूर जिल्ह्याचं नाव अजून कसं आलं नाही! बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानियाची साथीदार होती, कांस्यपदक. त्याच स्पर्धेत साकेत मायनेनीबरोबर सानियाने मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. रिओ २०१६ ला पुन्हा प्रार्थना-सानिया. पहिल्याच फेरीत चीनच्या झांग श्वाई-पेंग श्वाई, तीन सेट लढून ६-७, ७-५, ५-७.

जाणकारांना विचारतो: प्रार्थनाची क्रमवारी तेव्हा बरीच खाली होती, तरी प्रवेश कसा मिळाला?

क्रमवारीचं_गणित

बार्शीकर, ऑलिम्पिकमध्ये दुहेरीच्या पहिल्या दहांतल्या खेळाडूला थेट प्रवेश आणि साथीदार आपल्या देशातून निवडायची मुभा असते, फक्त तिची क्रमवारी एकेरी किंवा दुहेरीत ३०० च्या आत हवी. सानिया पहिल्या क्रमांकावर असल्याने दार उघडलं. टोकियोला हीच वाट राखीव क्रमवारी ९ वर वापरली, साथीला अंकिता रैना. पहिला सेट ६-० घेऊन सामना ६-०, ६-७, ८-१० असा किचेनोक बहिणींकडे गेला.

तिरका_रिटर्न

त्या ८-१० वरून सुपर टायब्रेकचं सांगतो, नव्या प्रेक्षकांना उपयोगी पडेल. तिसऱ्या सेटऐवजी १० गुण, दोनचा फरक हवा. पहिला गुण एक सर्व्हिस, मग प्रत्येकी दोन-दोन, दर सहा गुणांनी बाजू बदल. म्हणजे सर्वांत कमकुवत सर्व्हिसवालीही दोन-तीनदा येतेच. तिच्या सर्व्हिसवर गमावलेले गुण बहुतेक वेळा निकाल ठरवतात. म्हणून अनुभवी जोड्या शेवटच्या गेममध्ये कोण सर्व्हिस करेल हे सेटच्या सुरुवातीलाच बघून ठेवतात. सर्व्हिसचा क्रम सेटच्या सुरुवातीलाच बदलता येतो, मध्ये नाही.

मिश्र दुहेरीत आणखी एक बारकावा. नो-ॲडच्या निर्णायक गुणाला बाजू निवडता येत नाही, पुरुषाची सर्व्हिस असेल तर पुरुष रिटर्न करतो, बाईची असेल तर बाई. सानियाने २०१४ ची अमेरिकन ओपन मिश्र दुहेरी ब्रूनो सोआरेसबरोबर सुपर टायब्रेकमध्ये ११-९ अशी काढली.

ॲड_कोर्ट

बार्शीकर, महाराष्ट्राचं नाव तिथेच थांबत नाही. मार्च २०२० ला दुबईत भारत फेड कपच्या (देशोदेशींच्या महिला संघांची स्पर्धा) प्लेऑफला पहिल्यांदा पोचला, त्या संघात ऋतुजा भोसले एकेरी खेळत होती. इंडोनेशियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाल्यावर सानिया-अंकिताने निर्णायक दुहेरी ७-६, ६-० अशी जिंकली. पुढे हांगझोउ आशियाई स्पर्धेत ऋतुजाने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं, २-६, ६-३, १०-४. पहिला सेट हरल्यावर दुसऱ्यापासून त्यांचे रिटर्न खोल आणि पायाशी पडायला लागले, सामना तिथेच फिरला. चित्रण मिळालं तर दुसऱ्या सेटपासून जाळ्याजवळ कोण, कधी, किती सरकतं ते मुद्दाम बघा.